बाकड्यावरच्या ताई

माझ्या मुलाच्या स्वमग्नतेचं निदान डॉक्टरांनी केलं. पण त्याच्याबरोबर रोजचा दिवस कसा काढायचा, हे मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी शिकवलं. थेरपी केंद्राबाहेरच्या बाकड्यावर त्या ब्लाउजना हुक लावत बसलेल्या असायच्या. त्यांची मुलगी तेव्हा 17 वर्षांची, माझा मुलगा जेमतेम साडेतीनचा. त्या बाकड्यावर पालक एकमेकांशी फारसे बोलत नसत. ताई बोलायच्या, पण आधी मुलाकडे नीट बघून घ्यायच्या.

त्यांचा पहिला प्रश्न, "हाकेला वळत नाही म्हणता, कान तपासले का?" तपासले होते, कान चांगले होते. मग म्हणाल्या, "तुम्ही फार बोलता हो त्याच्याशी. चल बाळा, उशीर झाला, रिक्षा थांबलीय, चप्पल घाल. यातलं त्यानं काय धरायचं? नुसतं 'चप्पल' म्हणा आणि थांबा." हे थांबणं फार कठीण. आमच्या घरात कुणालाच गप्प बसायची सवय नाही. सासूबाई तर त्याच्या वतीने उत्तरसुद्धा देऊन टाकत.

चित्रांची पट्टी करायला त्यांनीच सांगितलं. बाजारातले कार्टूनचे तक्ते नकोत. आपलीच बादली, आपलीच रिक्षा, केंद्राचं हिरवं फाटक यांचे फोटो काढा. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून लॅमिनेट केले, मागे वेल्क्रो लावला. एक काम झालं की ते कार्ड त्याने काढून डब्यात टाकायचं. पुढे काय होणार हे दिसू लागलं तसा त्याचा जीव थाऱ्यावर आला. "चित्रं दिलीत तर पोरगं बोलायचंच नाही," असं नातेवाईक म्हणत. तसं होत नाही. ज्याला मागता येतं त्याला आदळआपट कमी करावी लागते, आणि चित्रांमुळे बोलणं अडत नाही. त्याने आपणहून माझ्या हातात दिलेलं पहिलं कार्ड पाण्याच्या तांब्याचं होतं.

आकांडतांडव सुरू झालं की ताईंचं एकच म्हणणं: वही काढा. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं, एवढंच लिहायचं. त्या वहीतून कुकरची शिट्टी सापडली. घरातले ज्याला हट्ट म्हणत होते, तो कानांना होणारा त्रास होता. कान झाकणारे हेडफोन आणले, आणि डाळ तो बाहेर गेल्यावर लावू लागले.

केस कापण्याची युक्तीही त्यांचीच, पण ती निभावली आमच्या सलूनवाल्या दादांनी. सोमवारी दुकान बंद असतं. ते आमच्यासाठी अर्धं शटर उघडत. आधी नुसतं खुर्चीत बसायचं. मग बंद मशीन हाताला लावून बघायचं. कात्री बऱ्याच नंतर आली. नुसत्या बसण्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

मुलाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला मी कचरत होते. "रेशनकार्ड काढताना लाजता का?" ताईंनी विचारलं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, हे मला कुठल्या कार्यालयात नव्हे, त्या बाकड्यावरच कळलं.

त्यांच्यासाठी माझ्याकडून झालं ते एवढंच. त्यांच्या मुलीच्या पालकत्वाचा अर्ज इंग्रजीत होता, तो मी भरून दिला आणि जिल्हाधिकारी कार्यालयात त्यांच्याबरोबर गेले. मूल 18 वर्षांचं झालं की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. तुमचं मूल सोळा-सतराचं असेल, तर कागद आत्तापासूनच गोळा करायला घ्या.