बाजारचा दिवस

१३ सप्टेंबर २०२४
काल गौरी-गणपती पोचवले. आज सकाळपासून कुडाळ स्टेशनाकडे रिक्षांची रीघ. चाकरमानी गेले, संध्याकाळी वाडीत चार घरांत दिवे. बाकीच्यांना कुलपं, थेट शिमग्यापर्यंत. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१पेक्षा कमी भरली होती. इथे ते आरतीला टाळ धरायला माणूस शोधतानाच कळतं.

१६ सप्टेंबर
वरच्या घरातल्या काकींकडे गेलो. मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो याचं मी कौतुक केलं. काकी म्हणाल्या, "फोनार सगळी दिसतत रे, पण माझ्या वांगडा चाय कोण पितलो?"
मुलगा वाईट नाही. मुंबईच्या दोन खोल्यांत आईचा जीव गुदमरतो आणि तिला इथली गाय सोडवत नाही. आपण मात्र एकटं म्हातारं माणूस दिसलं की मुलांनाच आरोपी करतो. २००७चा कायदा आईबापांना पोटगी मिळवून देईल. चहाला सोबत कुठून देणार?

२५ सप्टेंबर
आज बाजार. सकाळच्या एसटीत बहुतेक पिकली डोकी. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट, आणि मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. 'म्हातारी उगाच फिरतात' असं कुणीतरी मागून पुटपुटलं. फिरू देत की!
स्वतःच्या परड्यात लाल भाजी माजलेली असताना काकींनी बाजारात दोन जुड्या घेतल्या, त्याही भरपूर घासाघीस करून. मग माहेरच्या गावची एक बाई भेटली. कोण गेलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची सून भांडून वेगळी राहिली, सगळं सविस्तर. परतीची गाडी लागली तरी दोघींचं संपेना. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

३० सप्टेंबर
श्रावणबाळ योजनेचे दीड हजार आता थेट खात्यात येतात. मधल्यामध्ये कुणी हात मारत नाही, हे चांगलंच. पण मनीऑर्डर होती तेव्हा पोस्टमन पडवीत टेकायचा, पाणी प्यायचा, चार घरच्या बातम्या ठेवून जायचा. सोय झाली, येणंजाणं तेवढं गेलं.
रात्री काकींच्या मुलाचा मला फोन. पुढच्या महिन्यापासून दुकानदार सगळा बाजार घरी पोचवणार, आईची पायपीट वाचेल, म्हणाला. मी म्हटलं, तांदळाची गोणी आणि गॅस खुशाल पाठव. बाजाराची पिशवी मात्र आईच्याच हातात राहू दे.