सामान दोन्हीकडे, दार एकीकडेच

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक कॉम्प्युटर आहे. वर्गणी काढून, जुन्या बाजारातून सुटे भाग आणून जुळवलेला. मुलांचे दाखले, गुणपत्रिका, आईबापांच्या उत्पन्नाचे कागद त्यात स्कॅन करून ठेवलेले असतात. पत्र्याखाली राहणाऱ्यांचे कागद पावसाळ्यात भिजतात, म्हणून ही सोय. हीसुद्धा बुडू नये म्हणून आमच्या धाकट्या मुलीने त्यात एकाऐवजी दोन हार्ड डिस्क बसवल्या. लिनक्समध्ये अशी जोडी लावता येते. एकीवर लिहिले की तेच दुसरीवरही लिहिले जाते. वेगळे कार्ड विकत घ्यावे लागत नाही, लिनक्सच ते काम करते. या पद्धतीला रेड म्हणतात. हे नाव १९८७ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या तिघांनी दिले. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र राबवायच्या, असा त्यांचा विचार. आम्हा गरिबांना तो लगेच पटला!

२०१९ च्या जुलैमध्ये पहिली डिस्क टक टक वाजू लागली आणि दोन दिवसांत बंद पडली. मुलांच्या अर्जांची मुदत परवावर आलेली. आम्ही म्हटले, घाबरायचे कशाला, दुसरी आहे ना! मेलेली डिस्क काढली, बटण दाबले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. चालू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ.

दुरुस्तीवाल्या पोराला बोलावले. त्याने पाहिले आणि म्हणाला, "काका, दुसरी कोरीच आहे. फॉरमॅट मारून देतो." आम्ही जवळजवळ हो म्हणणार होतो. पण काही मुलांचे मूळ कागद आधीच पाण्यात गेलेले, हे आठवले आणि जीभ अडली. मुलीला फोन लावला. ती कामावर होती. म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका."

रात्री आल्यावर तिने आधी आम्हाला समजावून सांगितले. कॉम्प्युटर चालू होतो तेव्हा त्याला लिनक्स ठाऊक नसते. जुन्या पद्धतीचा बायोस डिस्कचा फक्त पहिला तुकडा वाचतो, ५१२ बाइटचा. त्यात एक चिमुकला प्रोग्राम असतो. तो पुढच्याला हाक मारतो, आणि मग लिनक्स उठते. हाक मारणाऱ्याला बूटलोडर म्हणतात. आमच्याकडे तो ग्रब नावाचा. आणि गोम इथेच होती. दोन्ही डिस्कवर सारखा राहतो तो आतल्या पार्टिशनमधला मजकूर. तो पहिला तुकडा पार्टिशनच्या बाहेर असतो, त्याची नक्कल आपोआप होत नाही. लिनक्स भरताना ग्रब कुठे टाकायचा असे विचारले होते, तेव्हा तिने पहिलीच डिस्क निवडली होती. "चूक माझीच," म्हणाली.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले. जोडीची स्थिती विचारली तर चौकटी कंसात एक रेघ आणि एक यू. रेघ म्हणजे गेलेली, यू म्हणजे जिवंत. आम्हाला तो यू केवढा वाटला म्हणून सांगू! उरलेल्या एकाच डिस्कवर जोडी चालवायला भाग पाडले, उघडून पाहिले, सगळे कागद जागच्या जागी. मग पेनड्राइव्हवरून डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून ग्रब भरायचा होता. इथे तिने हात आखडला. पहिली डिस्क काढल्यामुळे दुसरीचे नाव बदलले होते, आणि पेनड्राइव्हलाही तसलेच नाव मिळालेले. नावावर न जाता तिने डिस्कचा आकार आणि वर छापलेला क्रमांक जुळवला, मगच आज्ञा दिली.

पुन्हा बटण दाबले. पुन्हा तीच ओळ! आमच्या मंडळींनी आणलेला चहा तसाच निवला. शेवटी कळले की बायोसच्या यादीत अजून जुन्याच डिस्कचा नंबर पहिला होता. तो बदलला आणि दीडच्या सुमारास लिनक्स उठले. अर्ज मुदतीत गेले.

पुढच्या रविवारी नवी डिस्क आणली. तिच्यावर जुनीसारखेच भाग पाडले, ती जोडीत घातली, आणि ग्रब या खेपेस दोन्हींवर भरला. नव्या कॉम्प्युटरांत बायोसऐवजी यूईएफआय असते. तिथे दार म्हणजे डिस्कवरचा एक छोटा वेगळा भाग, आणि तोही बहुधा एकाच डिस्कवर बनतो. दुसरीवर तो मुद्दाम करून घ्यावा लागतो. शिवाय एकीवर पुसले की दुसरीवरही पुसले जाते, म्हणून कागदांची एक प्रत आता आमच्या कपाटात वेगळ्या डिस्कवर असते.

मुलीने कॉम्प्युटर बंद करून एकीची वायर काढली, चालू करून पाहिला. जोडी पुन्हा जुळेपर्यंत थांबली, मग दुसरीची वायर काढली. दोन्ही वेळा उठला. दुरुस्तीवाला पोरगा दारात उभा राहून पाहत होता. "ताई, हे सगळं मला कागदावर लिहून द्याल का?" म्हणाला.