पुलाचा स्वर

दिवेलागणीला माझे पलटे सुरू झाले की समोरच्या आजी दार लोटून घ्यायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. क्लॅरिनेटची पत्ती ओठांत नीट बसेपर्यंत बदकाचा गळा दाबल्यासारखा आवाज निघतो, आणि माझी पत्ती बसायला अख्खा पावसाळा गेला. मास्तर जुन्या जालन्यातलेच, उभी हयात लग्नाच्या बँडात काढलेले. वाद्य मेरठहून आणलेलं. तिथल्या जाली कोठीतून देशभरच्या बँडवाल्यांचे बाजे येतात. मास्तर त्याला ‘क्लारनेट’ म्हणत आणि तो उच्चार मला अजूनही जास्त खरा वाटतो.

हे वाद्य मुळात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं. 1700च्या सुमारास डेनर नावाच्या कारागिरानं ते घडवलं. हिंदुस्थानात ते पलटणींच्या बँडांतून रुळलं. आमच्या जालन्यातही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती फौज 1903 मध्ये इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली. देशभर कवायतीतला हा बाजा पुढे वरातीत आला आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे चालू लागला.

पहिल्या दिवशी मास्तरांनी सा दाखवला. डावा अंगठा मागच्या भोकावर, पुढची तीन बोटं पुढच्या भोकांवर. मग एकेक बोट उचलत रे, ग, म. पंचमाला सगळी बोटं मोकळी, वाद्य नुसतं तोललेलं. धैवताला तर्जनीनं एक चावी ढकलायची. इथवर जिना सोपा. पण शुद्ध निषादाला एकाएकी दोन्ही हातांची सगळी भोकं झाकायची, मागची चावी अंगठ्यानं दाबायची आणि करंगळीही कामाला लावायची. एका बोटावरून निमिषात आठ बोटं. एखादं जरी भोक केसभर उघडं राहिलं तरी बदक परत ओरडतं.

असं का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बासरीत फुंक वाढवली की तोच स्वर वरच्या सप्तकात बोलतो. क्लॅरिनेटची नळी सरळसोट आणि ओठापाशी बंद. तिच्यात मागची चावी दाबली की सा वरच्या सा वर थांबत नाही, थेट तारसप्तकातल्या पंचमावर उडी घेतो. त्यामुळे खालच्या मजल्याची बोटं वरच्या मजल्यावर त्याच नावानं चालत नाहीत. मधे एक फट राहते.

“ही आपली कुंडलिका,” मास्तर म्हणाले. “अलीकडं जुना जालना, पलीकडं नवा. पाय न भिजवता जायचं.”

आमची कुंडलिका पावसाळा सोडला तर वाहते म्हणणं धाडसाचंच. वाद्यातली नदी मात्र बारमाही.

खरी गंमत पुढेच होती. गाणाऱ्याला सा कुठेही चालतो. पेटीवाला काळी एक देवो की पांढरी चार, गळा तेवढा सरकतो आणि सारेगम तीच राहते. माझ्या बोटांना ही मुभा नाही. त्यातून बँडातलं क्लॅरिनेट स्वभावानंच खाली बोलतं: त्याची जी पांढरी एक, ती पेटीवर काळी पाच ऐकू येते. म्हणून पेटीशी जुळायचं तर काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत दोन पट्ट्या वर धरायचं. पेटी काळी पाच, तर मी पांढरी एक. पेटी काळी दोन, तर मी पांढरी चार. पेटी काळी एक, तर मी काळी दोन. हे पाढे मी सायकलवर, रांगेत, ताटावर म्हटले आहेत.

पाढे पाठ झाले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. नदी जागची हलत नाही, सा हलतो. पेटी काळी पाचवर असेल तर पूल धैवत आणि निषादाच्या मधे येतो. काळी दोनवर तो मध्यम-पंचमात, काळी एकवर पंचम-धैवतात, आणि पांढरी चारला तर ऋषभ संपतो न संपतो तोच गंधाराला पाणी. एकच अभंग, पण प्रत्येक पट्टीत तो वेगळ्या शब्दावर नदी ओलांडतो. तेव्हापासून मास्तर एकच पलटा बारा सा वरून घोटून घेऊ लागले. सारेग, रेगम, गमप. रोज नवा पूल.

आषाढी एकादशीला आनंदी स्वामींच्या मंदिराकडे अवघा जुना जालना लोटतो. त्या रात्री गल्लीत भजन होतं आणि मास्तरांनी मला पेटीशेजारी बसवलं. काळी दोनवर सुरुवात झाली. दोन अभंग झाले आणि बुवांचा घसा बसला. पेटीवाल्या काकांनी माझ्याकडे न बघताच पट्टी उतरवली: काळी एक. पखवाज थांबला नव्हता. पंचमापर्यंत मी जीव मुठीत धरून आलो, सगळी बोटं एकदम खाली ठेवली, आणि धैवत लागला. साधा, ओला, पेटीच्या धैवतावर बेतशीर बसलेला. बुवांनी मान वळवली नाही. टाळकऱ्यांना काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या आजींनी ओट्यावरूनच विचारलं, “काल भजनाला तू नव्हतास का रे? तुझा बाजा काही ऐकू आला नाही.”

मी ते मास्तरांना सांगितलं. त्यांनी खिशातून पैसे काढले आणि मला पेढे आणायला पिटाळलं.