बाटली आडवी झाल्यावर

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातलं आणि सासर सांगलीतल्या वाळवा तालुक्यातलं. सासरच्या गावात मी अंगणवाडी चालवते. देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी आमच्या गावात बायकांचं मतदान झालं, त्याला आता काही वर्षं झाली. लोक त्या विजयाबद्दल विचारतात. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

2008 च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं आणि गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. अट मात्र कडक आहे. मतदानाला आलेल्या नव्हे, तर यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकीचं नाव यादीत राहिलं असेल आणि ती आली नाही, तर तिची गैरहजेरी दुकानाच्याच पथ्यावर पडते. म्हणून आम्ही यादी घेऊन बसलो, लेकींना फोन केले. कुणी पुण्याहून रात्रीच्या एसटीने आली, कुणी तान्ह्या लेकराला घेऊन इचलकरंजीहून. कट्ट्यावर रिकामी बाटली ठेवून आम्ही म्हाताऱ्यांना चित्रं समजावत होतो, तेव्हा एक आजी म्हणाली, “पाडायचीच न्हवं का? मग त्यात शिकवायचं काय?”

संध्याकाळी निकाल लागला, गुलाल उधळला, दुकानाला कुलूप लागलं. थोड्याच दिवसांत शेजारच्या गावातून मोटारसायकलवर दारूच्या पिशव्या यायला लागल्या. मतदानात माझ्या शेजारी रांगेत उभी असलेली एक बाई अंगणवाडीच्या दारात येऊन म्हणाली, “बाई, दुकान तर आपण बंद केलं. आता माझ्या मालकाला कोण आवरणार?”

तिच्या प्रश्नाने आम्ही पुन्हा एकत्र बसलो. मतदान फक्त बायकांचं होतं. गावातल्या पुरुषांना कुणी काही विचारलंच नव्हतं आणि त्यांना सोबत घेतल्याशिवाय पुढचं काम होणार नव्हतं. एक गोष्ट आमच्या बाजूची होती. मतदान गुप्त असल्यामुळे विरोधात कोण गेलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही प्रत्येक घर आपलंच धरलं आणि ज्या दारांत सह्या मागितल्या होत्या, त्याच दारांत पुन्हा गेलो.

पैसे मागितले नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्यात, म्हणजे आमच्या कराड तालुक्यातच, रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिथल्या वसतिगृहांतली मुलं घराघरांतून आलेल्या मूठभर धान्यावर जेवली, हे मी आजीकडून ऐकत आले होते. आम्हीही दर आठवड्याला घरटी एक मूठ ज्वारी मागितली. मूठ कुणाला जड नसते आणि ज्याच्या घरातून ती जाते, तो कामाची चौकशी करतो. महिन्याभरात पुरुषच विचारायला लागले, “धान्याचं काय केलंत?”

ते धान्य दारू सोडण्यासाठी उपचाराला गेलेल्या माणसांच्या घरी जायचं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं काम करते, हे आम्हाला माहीत होतं. तिथे माणूस न्यायचा तर घरात पहिला प्रश्न म्हशीचा निघायचा. धार कोण काढणार, वैरण कोण टाकणार? गणेश मंडळाच्या पोरांनी पाळ्या लावून घेतल्या आणि पहाटे दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन धारा काढल्या. गाव आपल्या मागे आहे, हे उपचाराला निघालेल्या माणसाला त्या धारांनी पटवलं.

परत आलेल्यांची संध्याकाळ कशी भरायची, हा पुढचा प्रश्न होता. गावची तालीम कित्येक वर्षं बंद होती. जुन्या पैलवानांनी हौदा उकरला, लाल माती चाळली, तिच्यात ताक, तेल आणि हळद कालवली. मातीचा तो वास आला आणि पोरं आपणहून आत आली. ज्यांना कुस्ती झेपत नव्हती, ते पोरांना शिकवायला कडेला बसू लागले.

ही वाट आमच्या भागाला नवी नव्हती. वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता, तेव्हा 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच गावांतून चाललं. त्यांनी दारू बंद केली, तशी वाचनालयं काढली आणि कमी खर्चाची लग्नंही लावली. बंदीबरोबर जगण्याची दुसरी रीत द्यावी लागते, हे त्यांना कळलं होतं.

आमच्या गावातली दारू शंभर टक्के गेली, असं मी म्हणणार नाही. काही जण पुन्हा घसरले, पुन्हा साताऱ्याला गेले. पण पिशवीवाला आला की आता पोरंच त्याला वेशीवर अडवतात. आज ज्या गावांत सह्या गोळा होत आहेत, तिथल्या बहिणींना माझं एवढंच सांगणं आहे. सह्यांच्या यादीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. निकालानंतर तीच घेऊन पुन्हा घरोघरी जा आणि प्रत्येक घराला त्याच्या ऐपतीचं एक काम द्या.