कडुनिंबाचा काढा आणि काचेची बशी

जुवाने सोललेला बैलाचा खांदा कडुनिंबाच्या काढ्याने धुवावा, ही आमच्या काष्टीकडील जुनी रीत. चरकसंहितेत स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट असे पाच कषाय सांगितले आहेत. माझी नात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्याच पाल्याचा अर्क मद्यार्कात काढते. काचेच्या बशीतील आगरच्या थरावर जंतू पेरावयाचे, थरास छिद्र पाडून त्यात अर्क घालावयाचा, बशी रात्रभर ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवावयाची. सकाळी छिद्राभोवती स्वच्छ वलय उमटले, तर ते मिलिमीटरांत मोजावयाचे. शेजारच्या छिद्रात मात्र नुसता मद्यार्क हवाच, कारण जंतू तोही मारतो! आमच्या नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक तो हाच. मला ही सावधगिरी फार आवडली.

वलय पाहून आमचे धाकटे बंधू हर्षले. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम चिघळलेली, आणि डॉक्टरांकडे जाण्याचा कंटाळा. नात म्हणाली, "धाकटे आजोबा, बशीला रक्तमांस नाही. तेथे मेलेला जंतू तुमच्या पायात मरेलच असे नाही."

बंधू रुसले, पण सोमवारी तिच्यासह श्रीगोंद्यास जाऊन आले. मलमपट्टी चालू आहे. जखम अद्याप भरावयाची आहे.