शून्य मैलापाशी

लहानपणी कन्हानकाठच्या मौद्याहून नागपुरास निघालो की तीर्थरूप वाटेतले मैलाचे दगड आम्हांकडून मोजून घेत. शेवटी ‘झीरो माइल’च्या चार घोड्यांपाशी उभे करून म्हणत, ‘हा हिंदुस्थानचा मध्यबिंदू!’ तेच आम्ही पुढे नातवास ऐकविले. गेल्या महिन्यात त्याने तेथील स्तंभाशेजारचा बुटका दगड आम्हांस दाखविला. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती १९०७ सालची खूण. ती मध्य सांगत नाही, उंची मोजावयास आधार देते. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट! (सहस्रांश फुटाचा हा हट्ट आम्हांस फार आवडला.) स्तंभावर हैदराबाद ३१८ मैल वगैरे अंतरे आहेत, एवढेच. तीर्थरूप चुकले होते, हे नातवासमोर कबूल करणे आम्हांस जड गेले. परतताना तो दगड मोजीत होता, किलोमीटरांचे; आम्ही मनात त्यांचे मैल करीत होतो.