माठांतील गार पाणी

चैत्र लागला कीं आमच्या नागपुरांत कुंभारांच्या गाड्या रस्त्याच्या कडेस उभ्या राहूं लागतात. लाल, काळे, तोटीचे, बिनतोटीचे असे माठ गवतावर ओळीनें मांडलेले असतात, आणि गिऱ्हाईक बोटाच्या पेरानें ते वाजवून पाहत असतें. माठ खणखणीत वाजला म्हणजे तो फुटका नाहीं एवढें कळतें; पण तो पाणी गार करील कीं नाहीं, हें त्या आवाजावरून मुळींच कळत नाहीं. घरोघर वापरांत असलेल्या या भांड्याविषयीं लोक पुष्कळ जिव्हाळ्यानें बोलतात. मात्र त्याचा व्यवहार कसा चालतो याची चौकशी क्वचितच कोणी करतो. आम्हांस ती करावी लागली, कारण आमच्या घरीं माठावरून दर उन्हाळ्यांत वाद होत असे.

आमचें बालपण वऱ्हाडांतील एका लहान गांवीं गेलें. परसांतील विहीर फाल्गुनांतच आटे, व पुढें पावसाळ्यापर्यंत पिण्याचें पाणी गांवाबाहेरच्या विहिरीवरून डोक्यावर आणावें लागे. तें काम मातोश्रींकडे होतें. पहांटे तीन खेपा आणि दिवस कलल्यावर दोन. आणलेलें पाणी ओसरीतल्या घडवंचीवरच्या माठांत ओतलें कीं थोड्याच वेळांत माठ बाहेरून ओला होई, व बुडाशीं थेंब जमून खालीं टपटपूं लागत. तें पाहून मातोश्रींचा जीव कळवळे. "अहो, मी मैलावरून आणतें आणि हा मेला तें जमिनीला पाजतो," असें त्या वडिलांना म्हणत. वडिलांचें उत्तर ठरलेलें असे : "अगं, तो पाझरतो म्हणून तर आपल्याला गार मिळतें." एका वर्षीं मातोश्रींनीं रागानें अडगळींतला जुनाच माठ पुन्हां वापरास काढला. तो एक थेंबहि गळत नसे. पण त्यांतलें पाणी दुपारीं अगदीं कोंबट लागे. अखेर नवा माठ आला, आणि त्याच्या खालीं त्यांनीं एक पितळी परात ठेवण्यास आरंभ केला. परातींत जमलेलें पाणी दारच्या मोगऱ्यास जाई. वडील यास कंजूषपणा म्हणत. दोघांपैकीं खरें कोणाचें, हें आम्हांस पुढें स्वतः शिक्षक झाल्यावर उमगलें; आणि तें असें कीं दोघांचेंहि खरें होतें.

पाण्याची वाफ होते तेव्हां तिला उष्णता लागते, व ती उष्णता जवळच्या वस्तूंतून घेतली जाते. उकळल्यावांचून, नुसत्या हवेंत उडून जाण्यास एक ग्रॅम पाणी सुमारे ५८० कॅलरी उष्णता खातें. माठाच्या अंगांत डोळ्यांस न दिसणारीं असंख्य छिद्रें असतात. त्यांतून झिरपलेलें पाणी बाहेरच्या अंगास येतें, वारा त्यास उचलून नेतो, आणि जातांना तें आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. तेव्हां गारवा देतें तें उडून जाणारें पाणी, थेंब होऊन गळणारें नव्हे. गळलेला थेंब आंतलें पाणी फक्त कमी करतो. माठाचें अंग ओलें असलें पाहिजे, हें वडिलांचें म्हणणें यामुळें बरोबर ठरतें. आणि गळलेले थेंब परातींत धरल्यानें गारव्याचें कांहींएक नुकसान होत नाहीं, म्हणून मातोश्रींचें वर्तनहि बरोबर. ज्याच्या अंगावर हात ठेवला असतां तळवा ओला होतो, पण ज्याच्या खालची फरशी कोरडी राहते, तो माठ उत्तम समजावा.

नववीच्या वर्गांत आम्ही हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवीत असूं. दहा लिटर पाणी ३८ अंश सेल्सिअसवरून २८ अंशांवर आणावयाचें तर त्यांतून एक लाख कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. त्यास ५८० नें भागलें म्हणजे १७२ ग्रॅम येतात. एक फुलपात्रभर पाणी उडून गेलें कीं घागरभर पाणी दहा अंशांनीं उतरावें! मुलांचा यावर विश्वास बसेना. तेव्हां आम्हीं प्रयोगशाळेंतला माठ रात्रीं भरून तोलला, व दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पुन्हां तोलला. तो जवळ जवळ सव्वा किलोनें हलका भरला. एका चुणचुणीत मुलीनें लगेच विचारलें, "सर, मग बाकीचें एक लिटर कोणीं प्यालें?" प्रश्न मार्मिक होता. फळ्यावरचा आंकडा पाणी एकदां गार करण्याचा आहे. पण माठाभोंवतालची तापलेली हवा व तापलेली भिंत त्यास दिवसभर उष्णता देतच असतात, आणि पाणी गार राखण्यासाठीं त्या उष्णतेचीहि भरपाई करावी लागते. खरा खर्च आहे तो या राखण्याचा. म्हणून माठ वाऱ्यावर ठेवावा, पण उन्हांत किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीस टेकून कधींहि ठेवूं नये. आमच्या मातोश्री माठास ओलें फडकें गुंडाळीत व त्याखालीं ओली वाळू पसरीत, त्यांतहि हेंच तत्त्व आहे.

आतां हवेकडे वळूं. आमची एक मावशी रत्नागिरीस राहते. एका मे महिन्यांत तिच्या घरीं गेलों असतां तिनें माठांतलें पाणी पुढें केलें, आणि तें आमच्या चेहऱ्यावरूनच तिला काय तें समजलें. "तुमच्या नागपूरचा माठ आणून इथें ठेव बाळ, तोहि असाच निघेल," असें ती म्हणाली. मावशीनें विज्ञान शिकलेलें नाहीं, पण तिचा निर्णय बिनचूक होता. दोन तापमापक घ्यावे व एकाच्या फुग्याभोंवतीं ओलें मलमल गुंडाळून वारा घालावा. ओला पारा जेथें थांबेल त्याच्या खालीं बाष्पीभवनानें पाणी गार होऊं शकत नाहीं. हवा ४३ अंश आणि आर्द्रता शेंकडा २० असतां, म्हणजे आमच्याकडच्या वैशाखांत, ओला पारा सुमारे २५ अंशांपर्यंत उतरतो. उलट किनाऱ्यावर हवा ३२ अंशच असली तरी आर्द्रता शेंकडा ७० असल्यास तो साडेसत्तावीसच्या आसपास अडतो. नागपुरास अठरा अंशांचा उतार, रत्नागिरीस पांचांचाहि नाहीं. कोंकणांतला कुंभार कमी कुशल आहे असें कोणीं समजूं नये. तेथील हवेचें पोट आधींच भरलेलें असतें.

माठ निवडण्याविषयीं थोडें. कुंभार मातींत राख, लीद किंवा भुसा मिसळतो; भट्टींत तो जळून जातो व त्याच्या जागीं पोकळी राहते. हल्लीं माठांवर तैलरंगानें मोर व वेली काढण्याची चाल पडली आहे. दिवाणखान्यांत तें शोभतें, पण रंग जेथें बसला तेथलीं छिद्रें बुजलीं. नवा माठ एक दिवस पाण्यांत बुडवून ठेवावा, व पहिलें पाणी टाकून द्यावें. कूपनलिकेच्या जड पाण्यांतले क्षार छिद्रांत सांचत जातात. माठाच्या अंगावर उमटणारी पांढरी खरवड ती हीच. मातोश्रींचा जुना माठ गार करीनासा झाला होता तो याच कारणानें. माठांत हात किंवा पेला कोणीहि बुडवूं नये. लांब दांड्याचें ओगराळें असावें, अथवा तोटी असावी, आणि दोन-तीन दिवसांनीं माठ रिकामा करून काथ्यानें घांसावा. गारव्यानें पाणी शुद्ध होत नाहीं, हें शहाणीं माणसेंहि विसरतात.

याच युक्तीचीं रूपें अनेक आहेत. प्रवासांत गाडीच्या खिडकीस टांगलेली किरमिजाची छागल आमच्या पिढीनें पाहिली आहे. गाडी जितकी वेगानें धांवे तितकें तिच्यांतलें पाणी गार होई. नायजेरियांतील मोहम्मद बाह आब्बा नांवाच्या शिक्षकानें एका मडक्यांत दुसरें मडकें बसवून मध्यें ओली वाळू भरली, व शेतकऱ्यांची भाजी त्यांत टिकवून दाखविली. त्याबद्दल त्यास २००० सालीं रोलेक्स पुरस्कार मिळाला.

परंतु या सर्वांस पाणी लागतें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातुरास पाणी न्यावें लागलें, त्या दिवसांत आम्ही तेथें एका नातलगांकडे गेलों होतों. त्यांच्या स्वयंपाकघरांत माठ पालथा घातलेला होता. सहा माणसांचें पाणी झांकणाच्या पिंपांत होतें, आणि तें सर्व जण ऊनऊनच पीत होते. दिवसाचें सव्वा लिटर हवेस देणें त्यांना परवडत नव्हतें, व त्यांना दोष देण्याचें धाडस आम्हांस झालें नाहीं. तथापि कोंबट पाणी लहान मुलें पोटभर पीत नाहींत, आणि न पिणारें मूल उन्हानें आधीं कोसळतें. मनुष्याचें शरीरहि एक प्रकारचा माठच आहे. घाम उडून जातो तेव्हां तें निवतें. उन्हांत राबणाऱ्याचा ताशीं लिटरभर घाम सहज जातो, व तो भरून न निघाल्यास शरीर तापत जातें. ऊन लागलेल्या मनुष्यास सावलींत नेऊन अंगावर पाणी शिंपडावें व वारा घालावा असें डॉक्टर सांगतात, तें याच कारणास्तव.

आमच्या शाळेंत हा प्रश्न गच्चीवरच्या काळ्या टाकीमुळें उभा राहिला. मार्चअखेर तिच्या नळाचें पाणी हात पोळेल इतकें तापे. विजेवर चालणारें थंड पाण्याचें यंत्र आहे, पण वीज गेली कीं तेंहि मुकें. मुलें घरून आणलेली बाटली संपली कीं तशींच बसून राहत, व शेवटच्या तासास एकदोघांचें डोकें दुखूं लागे. यंदा आम्हीं रंग न लावलेले आठ माठ उत्तरेकडच्या व्हरांड्यांत मांडले. टाकीचें पाणी रात्रीं निवल्यावर पहांटे ते भरतात. दुपारीं तीन वाजतां बाहेर ४१ अंश असतां माठांतलें पाणी २७ अंश भरलें, असें नववीच्या मुलांनीं वहींत नोंदविलें आहे. प्रत्येक माठाखालीं परात आहे; ही सूचना अर्थात् मातोश्रींची. परातींतलें पाणी मैदानाकडेच्या कडुनिंबाच्या रोपांस जातें. मे महिन्यांत शाळा बंद असतां माठ कोणीं भरावे, हें मात्र अद्यापि ठरावयाचें आहे. शिपाईमामांनीं रस्त्यानें जाणाऱ्यांसाठीं फाटकाजवळ दोन माठ भरण्याचें कबूल केलें आहे.